शहरातील लहान जागेत भाजीपाला आणि सुवासिक वनस्पतींची बाग

शहरातील लहान बागेत काय पिकेल हे बागेच्या मालकाच्या आवडीपेक्षा तेथे पडणाऱ्या उन्हावर अधिक अवलंबून असते. म्हणून बियाणे, कुंड्या किंवा खत यांपैकी काहीही आणण्यापूर्वी एखाद्या निरभ्र दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत साधारण दर तासाला जागेकडे नजर टाकावी आणि कोणत्या भागावर किती वेळ थेट ऊन येते हे कागदावर काढलेल्या कच्च्या आराखड्यात लिहून ठेवावे. सूर्याचा मार्ग ऋतूप्रमाणे सरकत असल्यामुळे शेजारच्या इमारतीची सावली तीन महिन्यांनी भलतीकडेच पडू शकते; त्यामुळे अशी नोंद वर्षातून किमान दोनदा घेणे हिताचे ठरते. पांढऱ्या भिंतीवरून परावर्तित होणारा प्रकाश झाडांच्या उपयोगी पडतो, परंतु दिवसभर तापलेली तीच भिंत रात्रीही उष्णता सोडत राहते आणि तिच्यालगतची माती इतर मातीपेक्षा लवकर सुकते. दोन इमारतींच्या फटीतून येणारा झोतासारखा वारा हाही दुर्लक्ष करण्याजोगा नसतो, कारण तो पानांतील ओलावा शोषून घेतो आणि उंच वाढणारी रोपे मोडून टाकतो.

टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, काकडी यांसारख्या फळभाज्यांना रोज किमान सहा तास, आणि शक्य असल्यास आठ तास, थेट ऊन लागते. मुळा, गाजर, बीट यांचे चार-पाच तासांत भागते, तर पालक, मेथी, कोथिंबीर, लेट्यूस आणि पुदिना तीन-चार तासांच्या उन्हावरही समाधानकारक वाढतात. कडक उन्हाळ्यात तर त्यांना दुपारची सावली मानवते. ज्या जागेत पाच तासच ऊन येते तेथे टोमॅटोचे उंच, लुकडे आणि मोजकी फळे देणारे झाड जोपासत बसण्यापेक्षा संपूर्ण वाफा पालेभाज्यांना द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागा लहान असताना पीक किती काळ जागा अडवते याचाही हिशेब करावा लागतो. मेथी आणि मुळा साधारण महिनाभरात हाती येतात. कोबीचा गड्डा तयार होण्यास सुमारे तीन महिने लागतात आणि एवढ्या काळात एका रोपाने अडवलेल्या जागेतून एकच गड्डा मिळतो. भोपळ्याचा वेल जमिनीवर सोडला तर लहान बाग एकट्यानेच व्यापून टाकतो. याउलट ज्या वनस्पतींची पाने थोडी थोडी खुडता येतात आणि खुडल्यावर पुन्हा फुटतात, त्या लहान बागेत सर्वांत अधिक परतावा देतात. सुवासिक वनस्पतींचे तर थोडे पानही पुरते, आणि ते ताजे असणे हेच त्यांचे खरे मोल असते.

माती, वाफे आणि कुंड्या

इमारतीलगतच्या जमिनीत बांधकामाचा राडारोडा गाडलेला असण्याचा संभव असतो. सिमेंट आणि चुन्याचे तुकडे मातीचा सामू (आम्लता-अल्कता दाखवणारा पीएच) वाढवतात, तर बहुतेक भाज्यांना तो ६ ते ७ यांच्या दरम्यान हवा असतो. त्याहून गंभीर बाब शिशाची आहे. जुन्या रंगांत शिसे वापरले जात असे, आणि मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री जगातील शेवटच्या देशात २०२१ मध्ये थांबली. परंतु मातीत एकदा उतरलेले शिसे आपोआप नाहीसे होत नाही. जुन्या इमारतीच्या पायथ्याशी किंवा वर्दळीच्या रस्त्यालगत बाग करायची असल्यास मातीची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. तपासणी शक्य नसेल तर त्या मातीत पालेभाज्या आणि कंदमुळे घेऊ नयेत. बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचे उंच वाफे किंवा कुंड्या वापराव्यात. शिसे शरीरात जाण्याचा मोठा मार्ग म्हणजे पानांना आणि हातांना चिकटलेली माती व धूळ हा असल्यामुळे मोकळी जमीन आच्छादनाने झाकून ठेवणे आणि भाजी वाहत्या पाण्याखाली नीट धुणे या दोन्ही गोष्टींचा प्रत्यक्ष उपयोग होतो.

जमीन चांगली असेल तर निचरा पाहावा. सुमारे ३० सेंटीमीटर खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा, पाणी मुरल्यावर पुन्हा भरावा, आणि दुसऱ्यांदा भरलेले पाणी काही तासांत मुरते की दुसऱ्या दिवशीही साचून राहते ते पाहावे. पाणी साचत असेल तर गादीवाफा करणे हाच व्यवहार्य उपाय आहे. वाफ्याची रुंदी दोन्ही बाजूंनी हात पोहोचेल अशी, म्हणजे १२० सेंटीमीटरपर्यंत, ठेवावी; भिंतीला टेकलेला वाफा ६० सेंटीमीटरहून रुंद असू नये. त्यामुळे वाफ्यात पाय ठेवण्याची वेळ येत नाही आणि एकदा भुसभुशीत केलेली माती दाबली जात नाही.

मातीत काम करण्याची योग्य वेळ वाफशाची असते, आणि वाफसा ओळखण्याची रीत सोपी आहे. मूठभर माती हातात घेऊन दाबावी. गोळा झाला आणि अंगठ्याने टोचताच तो फुटून रवाळ झाला तर माती कामाला तयार आहे. गोळा चिकट राहून त्यावर बोटांचे ठसे उमटत असतील तर आणखी एक-दोन दिवस थांबावे, कारण ओली चिकणमाती खणली की तिची ढेकळे होतात आणि ती वाळल्यावर विटेसारखी कडक बनतात.

कुंडीसाठी नुसती बागेतील माती वापरणे इष्ट नाही. ती पाण्याबरोबर दाबली जाते आणि मुळांना हवा मिळत नाही. चांगली माती, पूर्ण कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) साधारण समप्रमाणात मिसळल्यास बहुतेक भाज्यांना चालणारे मिश्रण तयार होते. कोकोपीटमध्ये कित्येकदा क्षार असतात, म्हणून ते एक-दोन पाण्यांतून धुऊन घ्यावे. कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत सर्वत्र रुळलेली असली तरी तिने निचरा सुधारत नाही: बारीक कणांच्या थरातील पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, ते खडीच्या वरच अडकून राहते आणि मुळांच्या वाट्याची कोरडी-हवेशीर जागा उलट कमी होते. तळाला पुरेशी छिद्रे असावीत आणि माती वाहून जाऊ नये म्हणून त्यांवर जाळीचा तुकडा ठेवावा, एवढे पुरे.

पालेभाज्यांना १५ ते २० सेंटीमीटर खोलीची माती पुरते आणि त्यांच्यासाठी रुंद, उथळ कुंडी उत्तम. गाजराला ३० सेंटीमीटर खोली द्यावी. टोमॅटो, वांगी आणि काकडी यांच्यासाठी रोपामागे किमान २० लिटर माती धरावी. मिरचीचे १० ते १५ लिटरमध्ये भागते. मातीच्या कुंडीतून हवा खेळते, पण ती लवकर सुकते. काळी प्लास्टिकची कुंडी थेट उन्हात इतकी तापते की कडेची मुळे भाजून निघतात. गच्चीवर किंवा सज्जात बाग करताना वजनाकडे काणाडोळा करू नये. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड टनाच्या पुढे जाते, म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल वाफा नुसत्या मातीने भरल्यास जवळपास पाचशे किलोंचा होतो. असे वाफे मांडण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा, आणि जड कुंड्या मधोमध न ठेवता भिंती किंवा तुळया यांच्या रेषेत ठेवाव्यात.

पेरणी आणि रोपे

बियाणे स्वतःच्या जाडीच्या दोन-तीन पट खोलीवर पेरावे, हा सर्वसाधारण नियम. लेट्यूसच्या बियांना उगवण्यासाठी प्रकाश लागतो, म्हणून त्या मातीवर केवळ दाबून वर चिमूटभर बारीक माती भुरभुरावी. माती फार तापलेली असताना त्या उगवतच नाहीत. मिरचीचे याच्या उलट आहे: २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मिळाले तर ती आठ-दहा दिवसांत उगवते, थंडीत मात्र तीन आठवडेही घेते. मुळा, गाजर, मेथी, कोथिंबीर आणि घेवडा यांची पेरणी जागेवरच करावी, कारण उपटून दुसरीकडे लावणे त्यांना सोसत नाही.

धण्याचा एक दाणा म्हणजे प्रत्यक्षात एक फळ असते आणि त्यात दोन बिया असतात. पेरण्यापूर्वी धणे फळीवर पसरून लाटण्याने किंवा तळहाताने हलकेच रगडावेत. दाणा बरोबर मध्ये दुभंगून दोन अर्धगोल वेगळे होतात. त्यांचा चुरा होऊ द्यायचा नाही. हे अर्धे दाणे रात्रभर पाण्यात भिजवून पेरले की उगवण लवकर आणि एकसारखी होते. बाजारातील भाजलेले किंवा फार जुने धणे उगवत नाहीत.

रोपे गच्च आणि सतत ओल्या मातीत वाढवली तर ती बुडाशी पातळ होऊन अचानक कोलमडतात. हा मातीतील बुरशीचा रोग असून त्यावर औषधापेक्षा प्रतिबंध परिणामकारक ठरतो: स्वच्छ ट्रे, विरळ पेरणी, खेळती हवा आणि पृष्ठभाग किंचित सुकल्यावरच पाणी. सावलीत किंवा घरात वाढवलेली रोपे एकदम उन्हात लावू नयेत. आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ वाढवत त्यांना उन्हावाऱ्याची सवय करून द्यावी आणि लावणी संध्याकाळी करावी. टोमॅटोचे रोप खालची पाने काढून नेहमीपेक्षा खोल लावल्यास मातीखाली गेलेल्या खोडालाही मुळे फुटतात. मिरचीला ही सूट देऊ नये. तिचे रोप पूर्वी होते त्याच पातळीवर लावावे.

विरळणी करताना हात आखडतो, हे खरे आहे. तरीही गाजरे एकमेकांपासून चार-पाच सेंटीमीटर अंतरावर आणली नाहीत तर पानेच पाने येतात आणि खाली दोरे मिळतात. उपटण्याऐवजी जादा रोपे कात्रीने बुडाशी कापावीत, म्हणजे शेजारच्या रोपाची मुळे हलत नाहीत. सगळे बी एकदाच पेरण्याचा मोहही टाळावा. दर दोन-तीन आठवड्यांनी हातभर ओळ पेरली तर कोथिंबीर आणि लेट्यूस सलग मिळत राहतात.

पाणी

लहान बागेतील झाडे किडीपेक्षा चुकीच्या पाण्याने अधिक दगावतात, आणि त्यांतही अतिपाण्याने मरणारी झाडे ओळखणे कठीण असते, कारण मुळे कुजली की पाने तहानलेल्या झाडासारखीच माना टाकतात आणि पाहणारा आणखी पाणी घालतो. म्हणून पाणी घड्याळ पाहून न देता माती पाहून द्यावे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावे. तेथे ओल लागली तर झारी खाली ठेवावी. लहान कुंडी उचलून पाहणे हीही चांगली कसोटी आहे, कारण सुकलेली कुंडी लक्षात येण्याइतकी हलकी लागते.

जमिनीतील वाफ्याला साधारण हवामानात आठवड्याला सुमारे २५ मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे दर चौरस मीटरला २५ लिटर. हे पाणी रोज शिंपडून देण्याऐवजी दोन-तीन वेळा सावकाश आणि खोलवर द्यावे. वरचेवर थोडे पाणी मिळाले की मुळे पृष्ठभागाशीच रेंगाळतात आणि एका कडक दुपारीही रोप हतबल होते. कुंड्यांचा हिशेब वेगळा: उन्हाळ्यात मोठ्या टोमॅटोच्या कुंडीला रोज, आणि कधी दिवसातून दोनदाही, पाणी द्यावे लागते. तळाच्या छिद्रातून थोडे पाणी बाहेर येईपर्यंत पाणी द्यावे आणि बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे, कारण त्यात मुळे गुदमरतात आणि डासही वाढतात. कुंडीतील माती पूर्ण वाळून कडेने सुटली असेल तर वरून ओतलेले पाणी फटीतून निघून जाते आणि आतला गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवावी.

पाणी सकाळी आणि बुडाशी द्यावे. रात्रभर ओली राहिलेली पाने अनेक बुरशीजन्य रोगांना आमंत्रण देतात. वाळलेली पाने, पेंढा किंवा वाळवलेले गवत यांचे पाच सेंटीमीटर जाडीचे आच्छादन खोडापासून थोडे दूर राखून पसरल्यास बाष्पीभवन घटते आणि तण दबते. टोमॅटोच्या फळाचे बूड काळे पडून खोलगट होते, तेव्हा तो रोग समजून औषध फवारण्यात अर्थ नसतो. फळाच्या टोकापर्यंत पुरेसे कॅल्शियम न पोहोचल्याचे ते लक्षण आहे, आणि मातीत कॅल्शियम असूनही पाण्यात अनियमितपणा असेल तर ते पोहोचत नाही. कधी कोरडे, कधी चिंब असा क्रम मोडला की पुढची फळे सहसा चांगली येतात.

सुवासिक वनस्पती

या वनस्पतींचे दोन गट लक्षात ठेवले की निम्मे काम झाले. रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो आणि सेज या भरपूर ऊन, हलकी व पटकन निचरा होणारी माती आणि बेताचे पाणी यांवर जगणाऱ्या आहेत; त्यांच्या कुंडीत जाड वाळू मिसळावी आणि खत हात राखून द्यावे, कारण जास्त खताने पाला वाढतो पण सुगंध पातळ होतो. पुदिना, कोथिंबीर, पार्सली आणि बेसिल यांना मात्र सकस, ओलसर माती लागते. रोझमेरी आणि पुदिना एका कुंडीत लावले तर दोघांपैकी एकाचा बळी ठरलेला असतो.

बेसिलचे रोप पाच-सहा जोडपाने झाली की न खुडता तसेच ठेवले तर एका सरळ दांड्याने वाढते आणि फुलोऱ्यावर येते. शेंडा नेमका एका पानांच्या जोडीच्या वर खुडावा. त्या जोडीच्या दोन्ही बगलांत हिरव्या टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर आधीच दडलेले असतात. शेंडा गेला की दोन्ही जागे होतात आणि एका फांदीच्या दोन होतात. हाच क्रम चालू ठेवला की रोप झुडपासारखे भरते. खालची मोठी पाने तोडत जाण्याची सवय रोपाला उघडे-बोडके करते, ती टाळावी.

पुदिना स्वतंत्र कुंडीतच असावा, कारण त्याचे जमिनीखालचे धावते दांडे शेजारच्यांची जागा बघता बघता बळकावतात. कोथिंबीर उष्णतेत आणि लांबत्या दिवसांत लवकर फुलोऱ्यावर येते. ते थांबवता येत नाही, लांबवता येते, आणि त्यासाठी अर्धवट सावली, सतत ओल आणि वरचेवर पेरणी हेच उपाय आहेत. रोझमेरी बियांपासून फार सावकाश वाढते, म्हणून न फुललेल्या कोवळ्या फांदीचे दहा सेंटीमीटर लांबीचे टोक घेऊन खालची पाने काढावीत आणि ते ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये सावलीत खोचावे.

वर चढवणे आणि फळ धरणे

जमीन कमी असली तरी उंची मोकळी असते. काकडी, दोडका, कारले, वाल आणि घेवडा यांना जाळी किंवा मांडव द्यावा, मात्र तो अशा बाजूला उभारावा की त्याची सावली इतर वाफ्यांवर पडणार नाही. आधार रोप लावतानाच रोवावा. नंतर रोवलेली काठी मुळे तोडते. उंच वाढणाऱ्या टोमॅटोची पान आणि खोड यांच्या बेचक्यात येणारी बगलफूट बोटाएवढी होण्याआधीच मोडून काढावी. झुडुपी जातीच्या टोमॅटोची बगलफूट काढू नये, कारण तिच्यावरच बरेच पीक येते.

वेलभाज्यांना फुले येतात, पण फळ धरत नाही, ही तक्रार उंच मजल्यांवर विशेष ऐकू येते. तेथे मधमाश्या कमी पोहोचतात. दुधी, भोपळा, काकडी यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते, नर फुलाचा देठ साधा असतो. ताजे उमललेले नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि आतील पिवळे पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत. भोपळा आणि काकडीसाठी हे काम सकाळी लवकर करावे, तर दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात म्हणून त्याच्याकडे तिन्हीसांजेला जावे. टोमॅटोच्या फुलात दोन्ही अवयव असतात, त्यामुळे दुपारपूर्वी फुलांचा घोस बोटाने टिचकी मारून हलवला तरी पुरते. पारा ३५ अंशांच्या वर राहिल्यास मात्र टोमॅटोची फुले गळतात, आणि तेव्हा वाट पाहण्यावाचून इलाज नसतो.

खत, कीड आणि फेरपालट

कुंडीत वारंवार दिलेल्या पाण्याबरोबर पोषणद्रव्ये वाहून जातात, म्हणून तीन-चार आठवड्यांनी वर मूठभर कंपोस्ट घालून ते हलकेच मिसळावे. पालेभाज्यांना नत्र मानवते. टोमॅटो किंवा मिरचीला तेच जास्त झाले तर झाड गर्द हिरवे होते आणि फुले येत नाहीत. अर्धवट कुजलेले खत कधीही घालू नये, ते कुजताना मातीतील नत्र स्वतःच ओढून घेते.

किडीवरील पहिला उपाय म्हणजे आठवड्यातून दोनदा पाने उलटून पाहणे. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी हे सारे पानाच्या मागील बाजूस किंवा कोवळ्या शेंड्यावर वसाहत करतात. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा मारून मावा उडवून लावता येतो आणि अळ्या हाताने वेचता येतात. पुढे गरज पडल्यास लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि त्याचे मिश्रण व्हावे म्हणून थोडा सौम्य साबण घालून संध्याकाळी फवारावे. भर उन्हात फवारल्यास पाने करपतात. फवारण्याआधी मात्र लेडीबर्ड या ठिपकेदार पाठीच्या छोट्या भुंगेऱ्याच्या अळ्या ओळखायला शिकावे. राखाडी-काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या आणि काहीशा काटेरी दिसणाऱ्या या अळ्या मावा खातात, आणि त्यांच्या रूपामुळे अनेकजण त्यांनाच कीड समजून चिरडतात.

टोमॅटो, मिरची, वांगे आणि बटाटा एकाच कुळातील असल्यामुळे त्यांचे मातीतून पसरणारे अनेक रोगही सामायिक आहेत. ती पिके एकाच वाफ्यात पाठोपाठ घेऊ नयेत आणि शक्य असेल तर तीन वर्षांचे अंतर ठेवावे. मधल्या काळात घेवडा, वाटाणा किंवा मेथी घ्यावी. या शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र बांधून ठेवतात. गाठ नखाने चिरल्यावर आत गुलाबी दिसली तर त्यांचे काम चालू आहे असे समजावे. पीक संपल्यावर रोप उपटण्याऐवजी बुडाशी कापून मुळे मातीतच राहू द्यावीत.

काढणी आणि बियाणे

पालक आणि लेट्यूस यांची बाहेरची पाने आधी काढून गाभा राखावा. भेंडी, काकडी आणि घेवडा दर एक-दोन दिवसांनी तोडावेत, कारण एखादे फळ वेलावर जून झाले की नव्या फळांची धरणी मंदावते. पाने सकाळी, दव ओसरल्यावर आणि ऊन चढण्यापूर्वी खुडावीत.

टोमॅटो, घेवडा आणि लेट्यूस यांच्या फुलांत बहुधा स्वपरागीभवन होते, म्हणून त्यांचे बी घरी धरता येते. संकरित वाणाचे बी मात्र मूळ झाडासारखे फळ देईलच असे नाही. काकडी-भोपळ्याचे बी जवळच्या दुसऱ्या वाणाशी संकर होऊन बिघडू शकते. टोमॅटोच्या बियांवरील बुळबुळीत आवरण निघण्यासाठी त्या गरासकट थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबवाव्यात, मग स्वच्छ धुऊन सावलीत वाळवाव्यात. पूर्ण वाळलेले बी कागदी पाकिटात घालून त्यावर वाणाचे नाव आणि वर्ष लिहावे आणि पाकीट घट्ट झाकणाच्या बरणीत थंड जागी ठेवावे. टोमॅटोचे असे बी चार वर्षे सहज उगवते, कांद्याचे मात्र वर्ष-दोन वर्षांतच वापरून संपवावे.